देवीच्या बोकडाचा माळ

भादवा लागला की मुंबईची माणसं आमच्या बाजूला हिरवं बघायला येतात. कर्जतला उतरतात, टेंपो करतात आणि डोंगराकडं बोट दाखवून एकमेकांना सांगतात, बघ किती हिरवं. परवा एक बाई आमच्या अंगणाच्या कडेला उभी राहून मला म्हणाली, "काका, किती नशीबवान तुम्ही. रोज हे बघायला मिळतं." मी म्हटलं, "मिळतं." मला हिरवं बघितलं की राग येतो, पण तो दारात आलेल्या माणसावर काढायचा नाही, एवढं माझ्या बायकोनं मला शिकवून ठेवलंय.

बायको यंदाच्या आषाढात गेली. चांगुणा तिचं नाव. पुण्यानुमोदनाला सगळं गाव आलं. ओढ्याच्या खालच्या अंगाचा आमचा बौद्धवाडा तर आलाच, पण कुळवाड्यांची वरची आळीही आली. वंदना झाली, चहा झाला आणि वरच्या आळीचा धर्माअण्णा काठी टेकत उभा राहिला. गावकीचा एकेकाळचा म्होरक्या. त्यानं बोकडाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाला, "अशी बाय पुन्हा व्हनार नाय. सगळ्या गावाला गप केला तिनं." लोक हसले. सोयरे हसले. माझी पोरगी पदर तोंडाला लावून हसली. मी उठून मागच्या दाराला गेलो आणि तिथं पावसात उभा राहिलो.

हसायला माझी ना नाही. ती असती तर तीही हसली असती आणि मग म्हणाली असती, "अण्णा, पुढलं पन सांगा की." पुढलं अण्णा सांगत नाही. त्याची गोष्ट जिथं हसू येतं तिथंच संपते. पुढलं मलाच सांगायला पाहिजे. चौथी शिकलेला माणूस आहे, येईल तसं लिहितो.

भादवा कसा असतो ते बकरीवाल्याला विचारा. पाऊस मध्येच उघडतो आणि ऊन असं चावतं की पाठीवरचा सदरा वाळायच्या आधी पुन्हा घामानं भिजतो. जमिनीतनं वाफ निघते. गवत गुडघ्याला लागतं, त्याला आंबूस वास येतो. बांधावर तेरडा फुललेला असतो, खाचराच्या पाण्यात गोगलगायी चिकटलेल्या असतात, माथेरानच्या बाजूनं ढग उतरतो आणि माळावर बसून राहतो. दुपारपर्यंत गवताच्या पात्यावरचं पाणी वाळत नाही. कवीला त्या थेंबात मोती दिसतो म्हणे. त्या थेंबात जंत असतो.

हे मला कर्जतच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं समजावलं होतं. भला माणूस. म्हणाला, जंत बकरीच्या पोटात अंडी घालतो. अंडी लेंडीतनं माळावर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की फुटतात, आणि डोळ्याला दिसणार नाही एवढं पिल्लू ओल्या पात्यावर चढून बसतं. बकरी ते पातं खाते. मग सुतासारखा तो जंत आत चिकटून रक्त पीत राहतो. बाहेरनं बघावं तर बकरी चरतेय, हिरवं खातेय, पोट भरलेलं दिसतंय. आणि आतनं तिलाच कोणीतरी खातंय. केस राठ होतात, शेपटी घाण होते, संध्याकाळी घरी आली की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. ती पिशवी दिसली की समजायचं, उशीर झाला.

उशीर होऊ नये म्हणून चांगुणा रोज सकाळी एकेका बकरीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायची. आत तांबडं असलं तर सोडून द्यायची. फिकं असलं तर तिला वेगळं बांधायची. पांढरं दिसलं की मग घरात चूल पेटायची नाही, आधी ती बकरी. मी एकदा रातपाळी करून खोपोलीच्या कारखान्यातनं घरी आलो, दारात टेकलो, तर तिनं माझीच पापणी ओढली.

"काय बघतेस गं?"

"तुमचं बी पांढरं पडलंय. पाजू काय?"

"माझ्या गळ्याखाली पिशवी आली की पाज."

"तवर थांबनार नाय मी," असं म्हणून ती भाकरी थापायला गेली. आता सकाळी आरशात बघताना मी कधी कधी स्वतःची पापणी ओढतो. रंग बघायची मला सवय नाही. कळत नाही.

बकऱ्या तिच्या होत्या. माझा पगार घरात यायचा, पण तो माझा. जमीन आमच्याकडं नव्हती, तिच्या माहेरीही नव्हती. तिच्या पायाखाली तिचं म्हणून जे काही होतं ते चार खुरांवर चालत होतं. आणि मी सांगतो आहे त्याच्या आदल्या भादव्यानं त्यातलं निम्मं नेलं. रोज एक खड्डा. पावसात खणलेला खड्डा खणता खणता पाण्यानं भरतो, त्यात बकरी टाकली की ती तरंगते. तिला पायानं दाबून धरायची आणि वर चिखल लोटायचा. चांगुणा ते करायची. त्या मरणातनं एक काळं पिल्लू तिनं मांडीवर घेऊन जगवलं. एक पांढरा केस नाही अंगावर. त्याचं नाव काळ्या. तो मोठा झाला, दुसऱ्या भादव्यात पुरता बोकड दिसायला लागला, तेव्हा ती मला म्हणाली, "औंदा एक बी मरू देनार नाय." एवढंच तिचं मागणं होतं. जगाकडं दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं.

दीक्षा घेऊन आम्हाला तेव्हा दोन-चार वर्षं झाली होती. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते, जत्रेचं कापणं बंद केलं होतं. वरच्या आळीला ते सलत होतं. वाजवायला कोणी नाही, मेलेलं ओढायला कोणी नाही. तरी चांगुणा पदर खोचून वरच्या आळीत गेली. कारण कंपाउंडरनं तिला हिरवट भुकटीच्या पुड्या देताना सांगितलं होतं, "बाई, एकटीनं पाजून भागायचं नाही. माळ सगळ्यांचा एक आहे. सगळ्या गावानं एका दिवशी पाजा. एक जनावर राहिलं तरी ते माळ पेरत फिरतं."

तिनं दारोदार जाऊन सांगितलं. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगितलं, कारण आत कोणी या म्हणालं नाही. पण बायकांना बकरीचं मरण ठाऊक होतं. त्या तयार झाल्या. दवाखान्यातनं पुड्या आणल्या गेल्या आणि एका सकाळी ओढ्याच्या दोन्ही काठांना भुकटी पाण्यात घोटली जात होती, बांबूच्या नळक्यानं बकऱ्यांच्या नरड्यात उतरत होती, बकऱ्या शिंकत होत्या, बाया एकमेकींवर ओरडत होत्या. ओढा मधे, पण काम एक. असं गाव मी त्याआधी बघितलं नव्हतं. नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतनं हाकाटी आली. "चांगुणे, माझी शेरडं रगत मुतत्यात गं."

चांगुणा हसत काठावर गेली. "रगत नाय ते मावशी. आवशीदाचा रंग हाय. लाल मुतली म्हंजे पोटात उतरलं. जी लाल मुतनार नाय ती परत आना."

मग दोन दिवस सगळं गाव बकऱ्यांच्या मागं मागं फिरून मूत बघत होतं. धर्माअण्णासुद्धा. हे तो सांगत नाही.

एकच जनावर राहिलं. देवीचा बोकड.

गावदेवीला नवस बोलून सोडलेला तो बोकड. त्याला दावं लावायचं नाही, हाकलायचं नाही, मारायचं नाही. कुणाच्या शेतात शिरला तरी हात जोडायचे. दसऱ्याला देवीपुढं उभा करीपर्यंत तो गावाचा जावई. गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, आणि मागनं सारखा पातळ हागणारा. सगळ्यात चांगलं गवत तो खायचा आणि सगळ्या माळावर तोच पेरत फिरायचा. भादव्याच्या मध्याला त्याच्या जबड्याखाली पिशवी आली. बाया लांबनं बघायच्या आणि म्हणायच्या, देवीनं त्याला गळ्यात घातलंय काहीतरी.

चांगुणा पाराकडं गेली. पारावर वरच्या आळीतले पुरुष बसलेले. ती खाली उभी राहिली. पारावर चढायची आमच्या माणसांना तेव्हा सवय नव्हती. सवय नव्हती म्हणजे काय ते समजून घ्या. मी कामावरनं येत होतो, सायकल धरून बाजूला थांबलो.

"अण्णा, समदी बकरी पाजून झाली. एक ऱ्हायला," ती धर्माअण्णाला म्हणाली.

"कंचा गं?"

"देवीचा."

पार हसला. धर्माअण्णानं तंबाखू मळायची थांबवली नाही. "त्याला देवी राखते. त्याला तुज्या पुडीची गरज नाय."

"देवी राखते तर त्याची हागवन का नाय थांबत?"

"तुमी देव सोडलात ना? मंग देवाच्या बोकडाची काळजी तुमाला कशाला?"

"देव सोडला अण्णा, माळ नाय सोडला. तो हागतो तिथंच माझ्या बकऱ्या चरतात. तुमच्या बी."

मागनं कोणीतरी म्हणालं, "तुज्या बकऱ्यांना सांग, बघून चरा."

"त्यांना सांगून कळंल," ती म्हणाली. "मी तुमाला सांगतेय."

आता कोणी हसलं नाही. तिनं आवाज खाली आणला. "मी शिवत नाय त्याला. भुकटी देते, नळकं देते, तुमच्या हातानं पाजा."

धर्माअण्णानं तंबाखू तोंडात टाकला. "मानसाचं आवशीद तोंडाला लागलं की बोकड उष्टा झाला. उष्टं देवीला चालत नाय. जा आता."

ती आली. वाटेत मला म्हणाली, "माझ्या बकऱ्या उष्ट्या, आनि त्यो तेवडा चोखा." सायकलच्या मागच्या कॅरियरवर तिनं भुकटीची पिशवी आपटली आणि पुढं चालायला लागली.

दसरा आला. आम्ही जात नव्हतो, पण ओढ्याच्या काठावरनं देऊळ दिसतं. आमच्याकडं रीत अशी होती की बोकडाच्या पाठीवर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं, थरथरला, की देवीनं घेतला. नाही झाडलं तर कापायचा नाही. धडधाकट जनावर पाणी पडलं की झाडतंच. त्यात देवीला काही करावं लागत नाही. पण ह्या बोकडात झाडण्याइतकं रक्त राहिलं नव्हतं. तांब्या ओतला, नाही झाडलं. घागर ओतली. ढोल वाढवला. कानात पाणी घातलं. तो मान खाली घालून उभा, जबड्याखालची पिशवी हलतेय, आणि मग तो गुडघ्यावर बसला. ढोल थांबला.

भगत ओरडला, "बोकडाच्या पोटात कायतरी गेलंय." खरं बोलला. पण त्याला जंत म्हणायचं नव्हतं.

ते सगळे ओढा उतरून आमच्या वाड्यात आले. धर्माअण्णा पुढं. ओले पाय, अंगावर गुलाल. चांगुणा अंगणात पाला टाकत होती.

"तू पाजलंस बोकडाला."

"नाय पाजलं."

"तूच इचारायला आली व्हतीस."

"इचारायला आले कारन पाजायचं नव्हतं चोरून. अण्णा, पाजलं असतं तर त्यो लाल मुतला असता. तुमच्या समद्यांच्या बकऱ्या मुतल्या, तुमी बघितल्यात. बोकड लाल मुतलेला कुनी बघितला? बघितला असंल त्यानं फुडं यावं."

कोणी पुढं आलं नाही. सगळ्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, सगळ्यांना कळलं होतं. आणि कळल्यावर माणूस जास्त वाईट वागतो हे मी त्या दिवशी शिकलो. धर्माअण्णा म्हणाला, "ते कायबी असू दे. देवी उपाशी ऱ्हायलीय. बोकड वाड्यातनं द्यावा लागंल." आणि त्याचा डोळा सरळ काळ्यावर. बिनडागाचा काळा बोकड गावात दुसरा नव्हता. येतानाच ठरवून आले होते.

मी पुढं झालो. चांगुणानं मला हातानं मागं सारलं. "द्यायाचा तर देते," ती म्हणाली. "वाईच थांबा."

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली ती एका हातात घोटलेल्या भुकटीचं गाडगं आणि दुसऱ्या हातात नळकं घेऊन. दुसऱ्या वेळी पाजायला ठेवलेली भुकटी होती ती, वेळही झालीच होती. काळ्याला गुडघ्यात धरला. मान आडवी ठेवली. वर ताणली तर औषध छातीत जातं आणि जनावर जागेवर मरतं. जबड्याच्या कडेनं नळकं घातलं आणि ओतलं. काळ्या गटागटा प्याला. त्याला सोडला, दुसरी घेतली. ती झाली, तिसरी घेतली. घाई नाही. ओठ पुसत होती त्यांचे. सगळा गाव उभा राहून बघतोय, ओल्या धोतरांतनं पाणी गळतंय, आणि ती एकेक बकरी पाजतेय. अगदी दुधावरच्या पिल्लाच्या ओठालासुद्धा तिनं बोट लावलं. मग पदराला हात पुसला.

"न्या आता. कंचा नेनार? समदीच उष्टी हायत."

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. बाईचा आवाज होता. मग सगळ्या बाया हसल्या. धर्माअण्णाची गोष्ट इथं संपते.

आता पुढलं.

त्याच संध्याकाळी दवंडी फिरली. वाड्याचं जनावर माळावर दिसलं तर कोंडवाड्यात घालणार. माळ सरकारी. धर्माअण्णाच्या बापानं तो पेरला नव्हता की राखला नव्हता. मी तालुक्याला जाऊन साहेबापुढं उभा राहिलो. साहेब म्हणाला, आपसात मिटवा. आपसात म्हणजे कुणाकुणात, ते त्यानं विचारलं नाही. वाड्यातल्या बाकीच्यांनी बकऱ्या शिळफाट्याला बाजारात नेऊन काढल्या. जाता जाता चांगुणाला बोलून गेले, तुझ्या तोंडापायी झालं. तिनं ऐकून घेतलं.

देवीनं त्या वर्षी कोहळा खाल्ला. भगतानं कौल लावला आणि कोहळ्यावर भागलं. कोहळ्यावर भागत होतं तर आधीच भागवायचं होतं. आणि तो बोकड चार-आठ दिवसांनी माळावर मेला. त्याला खण पांघरून, वाजत-गाजत पुरला. माझ्या बायकोनं पायानं दाबून पुरलेल्या बकऱ्या मला तेव्हा आठवल्या.

चांगुणानं बकऱ्या विकल्या नाहीत. तिनं आकडी केली, लांब काठीला बांधलेला विळा, आणि ती डोंगराला पाल्याला जायला लागली. माळ ओलांडायचा नाही, म्हणून ओढ्याकाठानं वळसा घालून. उंबर, जांभूळ, आपटा, जो मिळेल तो पाला. त्याचा भारा डोक्यावर. ओल्या पाल्याचा भारा काय वजनाचा असतो ते उचलल्याशिवाय समजायचं नाही. वरनं पाणी मानेवर गळत राहतं, मुंग्या उतरतात, खाली चिखलात अंगठा रोवून पाऊल टाकायचं. गोठ्यात आली की तो पाला आढ्याला उंच टांगायची. बकऱ्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून खायच्या. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. एक भारा आणला की माझी मान दोन दिवस वळायची नाही. ती रोज आणायची.

आणि बकऱ्या अशा चमकायला लागल्या की मी स्वतः थांबून बघायचो. कंपाउंडरला सांगितलं तर तो म्हणाला, होणारच, जंत जमिनीजवळच्या ओल्या गवतात, पाला आढ्याला. तो तिथं चढणार कसा? म्हणजे माळ बंद केला म्हणून तिच्या बकऱ्या जगल्या. हे ऐकून माझे सोयरे म्हणतात, मग बरंच झालं की. बरं झालं म्हणणाऱ्यानं एकदा तो भारा उचलावा आणि मग माझ्याशी बोलावं. बकऱ्यांच्या पोटातला जंत गेला. तो तिच्या पाठीत शिरला.

कार्तिकात वरच्या आळीतल्या बकऱ्या मरायला लागल्या. दुसऱ्या वेळचं औषध कुणी पाजलं नव्हतं. चांगुणाकडनं कसं मागायचं, आणि दवाखान्यात आपणहून कोण जाणार? रोज एक खड्डा. मला आनंद झाला नाही असं मी लिहिणार नाही. झाला. मी ओटीवर बसून मोजत होतो. आणि एका दुपारी धर्माअण्णाची सून मागच्या दारानं आली, पदराखाली एक करडू. जबड्याखाली पिशवी. ती रडत उभी राहिली. चांगुणानं करडाची पापणी ओढून बघितली, आत जाऊन भुकटी घोटली.

मी म्हटलं, "पाजू नको. जाऊ दे त्याला वरच्या आळीच्या देवीकडं."

सून ऐकत होती. ऐकू दे म्हणूनच बोललो.

चांगुणा माझ्याकडं न बघता म्हणाली, "करडू काय पारावर बसलं व्हतं का?"

ती पाजत गेली. मग रोज कोणी ना कोणी मागच्या दारानं यायचं. पुढच्या दारानं कोणी आलं नाही. आणि त्यांच्यातल्या एकीनंही घरी जाऊन नवऱ्याला विचारलं नाही की त्या बाईला अजून माळावर का येऊ देत नाही. मला माणसांचा राग येतो तो इथं. पारावरच्यांचा जेवढा येतो त्याहून जास्त.

तिला कधी राग आला नाही असं समजू नका. एकदा भारा टाकून ती तिथंच चिखलात बसली आणि म्हणाली, "माझ्या आयनं त्यांचं मेलेलं ओढलं, मी त्यांचं जितं जगवते, आनि त्यांना माझ्या बकरीचं चार पाय सोसत नाय." मग उठून पाला बांधायला लागली. दोन दिवस तिनं कुणाला भुकटी दिली नाही. तिसऱ्या दिवशी दिली.

बंदी कुणी उठवली नाही. झिजली. पारावरची माणसं म्हातारी झाली, पोरं रसायनीच्या कारखान्यांत लागली, बकऱ्या कमी झाल्या. मग एकदा एक बकरी माळावर गेली आणि कोणी काही बोललं नाही, एवढंच. तोवर चांगुणाची पाठ कमरेपासून वाकली होती. आधी चालताना, मग उभी राहताना, मग बसल्यावरही. डॉक्टर म्हणाला मणके झिजलेत, फार ओझं वाहिलंत का? ती म्हणाली, "नाय वो, बकऱ्यांचा पाला." जसं काही पाल्याला वजन नसतं. पुढं पुढं तिला समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर मान तिरकी करावी लागायची. बकऱ्या बघायला मात्र काही करावं लागत नव्हतं. ती त्यांच्याच उंचीला आली होती.

सरकारी म्हणवणारा तो माळ आता एका मुंबईवाल्यानं घेतला. तार मारलीय, आत गवत वाढलंय, तेच गवत, तेच थेंब. लोक तारेशी उभे राहून फोटो काढतात. मी त्यांना काय सांगू? त्यांचा काही दोष नाही. ज्यांचा होता ते माझ्या मांडवात बसून चहा पिऊन हसून गेले, आणि मीच त्यांना खुर्च्या दिल्या होत्या.

ती गेली तेव्हा त्यातलेच हात मदतीला आले होते. बांबू त्यांनी आणले, तिरडी त्यांनी बांधली, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. तिला तिरडीवर ठेवली तर ती सरळ होईना. डोकं टेकवलं की गुडघे वर यायचे. गुडघे खाली केले की डोकं उठायचं. बाया कुजबुजायला लागल्या. धर्माअण्णाच्या मुलानं वाकून तिच्या गुडघ्यांवर दोन्ही तळवे ठेवले आणि जोर द्यायला लागला.

मी म्हटलं, "हात काढ."

"काका, सरळ करतोय जरा. असं कसं न्यायचं?"

"हात काढ तिच्यावरनं. तुमीच केली ती वाकडी. तशीच नेनार मी."

पोरगी म्हणाली, बाबा, असं नका बोलू. मी चादरीची गुंडाळी केली आणि तिच्या माने-पाठीखाली सारली, म्हणजे तिला ताण पडू नये. डोकं बरंच वर राहिलं. दोऱ्या बांधल्या, आम्ही उचलली. आमच्या स्मशानाची वाट वरच्या आळीतनं जाते. पाऊस लागला होता, तरी माणसं दारादारात उभी होती, धर्माअण्णा ओटीवर काठी धरून. मान वर करून ती सगळ्यांच्या समोरनं गेली.